‘मॅडम, काउंट जरा खाली दाखवा’

नाशिकच्या इंदिरानगरहून एका पॅथॉलॉजिस्ट मुलीचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

‘ताई, मी एमडी पॅथॉलॉजी. दोन वर्षांपूर्वी स्वतःची लॅब टाकली, मशीनच्या कर्जाचा हप्ता महिन्याला ६२ हजार. सुरुवातीला दिवसाला पस्तीस-चाळीस सॅम्पल यायचे. मग आजूबाजूच्या दोन-तीन डॉक्टरांनी सरळ विचारलं, तुमच्याकडे किती टक्के? मी म्हटलं मी कट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचं कमिशन, देत नाही. तीन महिन्यांत सॅम्पल बारा-तेरावर आले. आता मुंबई नाक्याकडच्या एका तीस बेडच्या हॉस्पिटलची ऑफर आहे, आमच्याकडे कलेक्शन सेंटर टाका आणि जागेचं भाडं म्हणून लॅबच्या बिलाचे ४० टक्के द्या. माझे दीर सीए आहेत, ते म्हणतात मार्केटिंग नाहीतर कन्सल्टन्सी म्हणून खर्चात टाकू, सगळेच करतात. माझी बॅचमेट न्यू जर्सीत आहे, ती म्हणते आमच्याकडे यासाठी लोक जेलमध्ये जातात. आपल्याकडे हा खरंच गुन्हा आहे का नुसता नैतिकतेचा प्रश्न, मला कळेनासं झालंय. आणि हो, त्याच हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलाने परवा एका डेंग्यूच्या पेशंटबद्दल मेसेज टाकला, मॅडम काउंट जरा खाली दाखवा, कॅशलेस पास व्हायला सोपं जाईल. मी रिपोर्ट खरा तोच दिला पण मेसेजला उत्तर दिलेलं नाही. मला तू म्हटलंत तरी चालेल, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.’

बरं, तू म्हणते.

तुझ्या पत्रातली शेवटची गोष्ट मी आधी घेणारे, कारण तू ती ‘आणि हो’ म्हणून शेवटी टाकलीयेस आणि मला वाचताना धस्स झालं ते तिथेच. कटाचं काय करायचं ते बोलू, पण तो मेसेज कटाच्या कितीतरी पुढचा आहे. समजा प्लेटलेटचा काउंट ८८ हजार असताना ४० हजार लिहायचा आणि त्यावर विमा कंपनीकडून पैसे घ्यायचे, याला साध्या भाषेत खोटा कागद करून फसवणूक म्हणतात, आणि भारतीय न्याय संहितेत त्यासाठी दोन वेगवेगळी कलमं आहेत, फसवणुकीचं ३१८ आणि फसवण्यासाठी खोटा दस्तऐवज करण्याचं ३३६, दोन्हीत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी आयपीसीत हेच ४२० आणि ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून नंबर बदललेत एवढंच. आता बघ यात कोणाचं काय जातं. डेस्कवरचा मुलगा उद्या नोकरी सोडून दुसऱ्या हॉस्पिटलला जाईल. मालक म्हणतील आम्हाला लॅबने जो रिपोर्ट दिला तो आम्ही लावला. सही तुझी, रजिस्ट्रेशन नंबर तुझा. आणि तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये की सेल काउंटरच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनच्या, मेमरीत खरा आकडा तारीख-वेळेसकट बसलेला असतो, विमा कंपनीचा तपासणीवाला आला की तो आधी तेच मागतो.

पेशंटचं तर कोणी धरतच नाही. ४० हजार बघून रात्रपाळीच्या डॉक्टरने प्लेटलेट चढवायला घेतले तर? नको असलेलं रक्त त्याच्या अंगात जाणार, पिशव्यांचं बिल त्याच्या माथी बसणार. आणि क्लेम खोटा निघाला तर पॉलिसी त्याची रद्द होऊ शकते, ज्याने आयुष्यात तो मेसेज बघितलेला पण नाही.

म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, त्या मेसेजला उत्तर दे. गप्प राहू नकोस, तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ तो मुलगा ‘मॅडम विचार करतायत’ असा काढेल. काय लिहायचं ते शेवटी देते. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव.

आता कट.

मी हे सगळं कुठून बोलते तेही तुला माहीत असायला हवं. मी डॉक्टर नाही, वकील नाही, मी एकोणीस वर्षं नाशकातल्या एका हॉस्पिटलच्या अकाउंट्सला होते, नाव सांगणार नाही. तिथे दर महिन्याच्या पाच तारखेला माझं एक काम असायचं. मालकांच्या केबिनमधून एक लाल पुठ्ठ्याची वही यायची, तिच्यात गावाचं नाव, डॉक्टरच्या नावाची आद्याक्षरं, पेशंटचं नाव, बिल, आणि शेवटच्या रकान्यात ‘रेफ.’, म्हणजे पाठवणाऱ्या डॉक्टरचा रेफरलचा कट, आणि आकडा. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, सिन्नर, पेठ. मी छोटी पांढरी पाकिटं घेऊन बसायचे, पेन्सिलने आद्याक्षरं लिहायचे, नोटा मोजून भरायचे, गोंद लावायचे. दुपारी हॉस्पिटलचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्काचा माणूस, मोटरसायकलवर ती वाटायला निघायचा. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही हो, पगाराची पाकिटं भरावीत तसं वाटायचं.

२००९ च्या छाटणीच्या हंगामात एक माणूस आला, पेठ तालुक्यातला, द्राक्षबागेत फवारणीच्या कामाला होता. मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, बिल २२ हजार. त्याने काउंटरवर रुमालाची गाठ सोडली आणि नोटा एकेक करून माझ्यासमोर ठेवल्या, त्यातल्या पाच-सहा नोटांवर मोरचुदाचे निळे-हिरवे डाग होते, त्याच्या बोटांनाही होते, बोर्डो मिश्रण कालवणाऱ्यांच्या हाताला असतात तसे. मी मोजल्या, पावती दिली, त्याने पावती घडी करून टोपीत ठेवली. तो दिवस होता चार तारीख. दुसऱ्या दिवशी वही आली आणि त्याच्या नावापुढे रेफ. ५५००. मी गल्ल्यातून नोटा काढायला लागले तर वरच त्या डागाच्या नोटा. त्याच पाकिटात गेल्या. पावतीवर हॉस्पिटलचं नाव होतं, औषधांचं होतं, ओटी चार्जेस होते, पण पाकिटात गेलेल्या साडेपाच हजाराचं नाव कुठेच नव्हतं, ते त्या ओटी चार्जेसच्याच पोटात होते. त्या माणसाला विचारलं असतं तर त्याने गावच्या डॉक्टरला हात जोडले असते, की माझ्या पोराला वेळेवर पाठवलं म्हणून. ते चूकही नव्हतं, खरंच वेळेवर पाठवलं होतं. फक्त त्या पाठवण्याचे पैसे याच्याच रुमालातून घेतले आणि त्याला सांगितलं नाही.

त्यानंतरही मी ती पाकिटं तीन वर्षं भरली, हे पण सांगते, कारण तुला कोणी सांगेल की ‘आपण एकटे काय करणार’ तर तसं मी स्वतःला खूप सांगून झालंय.

तुझा प्रश्न, गुन्हा आहे की नैतिकता? मधलं उत्तर आहे आणि ते नीट समजून घे, कारण दोन्ही बाजूची लोकं अर्धवट सांगतात. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात सहाव्या प्रकरणात ६.४ कलम आहे, रिबेट आणि कमिशनचं. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने भेट, कमिशन, बोनस काहीही द्यायचं नाही, मागायचं नाही, घ्यायचं नाही. ‘द्यायचं नाही’ हे शब्द त्यात आहेत, म्हणजे घेणारा जीपी, आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर, जेवढा अडकतो तेवढीच देणारी पॅथॉलॉजिस्ट. आणि त्याच्याच पुढचं ६.४.२ तर जणू तुझ्याचसाठी लिहिलंय, की हेच सगळं तपासणीसाठी नमुना पाठवण्यालाही तितकंच लागू. रक्ताची बाटली पाठवली, पेशंट नाही पाठवला, अशी पळवाट काढायला जागाच ठेवलेली नाही. मोडलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ताकीद देऊ शकते, काही काळासाठी किंवा कायमचं रजिस्टरवरून नाव काढू शकते. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, २ ऑगस्टला निघाले आणि २३ ऑगस्टला स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालू आहेत, ‘ते जुने झाले’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

पण, आणि हा पण मोठा आहे, हा नियम फक्त डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनला धरतो. हॉस्पिटल चालवणारी कंपनी, लॅबची चेन, पीआरओ, एजंट, यांच्याकडे कौन्सिलचं रजिस्ट्रेशनच नाही तर काढणार काय. नुसत्या कटासाठी म्हणून तुरुंगात घालणारा वेगळा कायदा आपल्या राज्यात झालेला नाही. होता होता राहिला. २०१७ साली मुंबईतल्या एका हार्ट हॉस्पिटलने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचं होर्डिंग लावलं आणि डॉक्टरांच्या संघटनांत मोठा गदारोळ झाला, मग सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, समितीने कट प्रॅक्टिस रोखण्याचा मसुदा करून दिला, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. तो मसुदा मसुदाच राहिला. मला याचा आजही राग येतो, कारण तो झाला असता तर तुझ्यासारख्या मुलीला ‘मी देत नाही’ म्हणताना पाठीशी कायदा असता, आज पाठीशी फक्त कौन्सिलचा नियम आहे आणि तो सुद्धा पाकीट घेणाऱ्याने किंवा देणाऱ्याने तोंड उघडल्याशिवाय सिद्ध होत नाही.

एक अपवाद लक्षात ठेव. मागणारा सरकारी नोकरीत असेल, सिव्हिलचा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा, तर मग भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार धरला जातो, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली तरच बचाव मिळतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा (एसीबी) नंबर १०६४.

‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्या दिरांचं गाव कुठलं माहीत नाही, पण आपल्याकडे लोक लगेच कांद्याचं उदाहरण देतात, की लासलगावला अडत चालते, दलाली चालते, मग डॉक्टरने घेतली तर काय. अगं पण अडत किती हे माहीत असतं, ती हिशोबपट्टीवर छापलेली असते, कोणी द्यायची यावर मोर्चे निघतात, शेवटी २०१६ ला सरकारने ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. सगळं उघड्यावर. तू मला एक पेशंट दाखव ज्याच्या बिलावर ‘डॉक्टरांची अडत ३० टक्के’ असं लिहिलंय. आणि कांदा विकणारा स्वतःचं भलं बघायला स्वतः उभा असतो, पेशंटला तर कुठली टेस्ट लागते आणि कुठली नाही हेच कळत नसतं, तो डॉक्टर सांगेल ते करतो. डॉक्टरचा फायदा टेस्टच्या संख्येला बांधला की थायरॉइडबरोबर व्हिटॅमिन, व्हिटॅमिनबरोबर फुल बॉडी हे आपोआप येतं, त्याला कोणी वाईट माणूस असायची गरज नाही. आणि कट पस्तीस-चाळीसवर गेला की लॅबवाल्याने रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनांचा, खर्च कुठून काढायचा? मग सॅम्पल बेसिनमध्ये ओतायचं आणि नॉर्मल रिपोर्ट छापायचा, सिंक टेस्ट म्हणतात ना तुमच्यात, तो याच हिशोबातून जन्माला येतो. तुझं मशीन, मशीन बरोबर चालतंय का बघायचे तुझे कंट्रोल रन, तुझं शिक्षण, त्या ४० टक्क्यांत हे सगळं बसत नाही, तू एकदा कागदावर मांडून बघ.

मी गावच्या डॉक्टरांना शिव्या घालत नाहीये. रात्री दोनला दार उघडणारे तेच असतात, पन्नास-शंभर रुपये फी घेतात, पेशंट ती पण उधार ठेवतो. त्यांनी फी वाढवावी, उघड घ्यावी, मी त्यांच्या बाजूने बोलेन. पाकीट मात्र नको.

आता भाडं. ही ऑफर तुला कमी वाईट वाटते कारण तिच्यावर भाडं असं लिहिलंय आणि कागद होणार आहे. मी अकाउंट्सच्या बाईच्या नजरेने सांगते, कागदावर काय नाव आहे ते बघायचंच नाही, आकडा कशाबरोबर हलतो ते बघायचं. हॉस्पिटलने या महिन्यात एकही सॅम्पल दिलं नाही तर भाडं शून्य, दुप्पट दिले तर भाडं दुप्पट, जागा तीच, दीडशे-दोनशे फुटांची खोली, मग ते भाडं जागेचं कसं झालं? ते सॅम्पलचं झालं. आणि त्या हॉस्पिटलचे मालक स्वतः डॉक्टर असतील, स्वतः टेस्ट लिहीत असतील, तर घुमून फिरून ते ६.४ वरच येतं, त्यात फी वाटून घेणं, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, असंही स्पष्ट म्हटलंय. हॉस्पिटल कंपनीचं असेल आणि टेस्ट लिहिणारे पगारी असतील तर वाद घालायला जागा आहे, अशी रेव्हेन्यू शेअरिंगची अॅग्रीमेंटं सगळीकडे चालतात हे मला माहितीये. पण उद्या वाद झाला तर तो तुझ्या रजिस्ट्रेशनवर होणार, कंपनीला काहीच होणार नाही.

तुझ्या बॅचमेटचं खरंय, आणि तिच्याकडचा कायदा या भाड्याच्या बाबतीत वाचण्यासारखा आहे, आपल्याला लागू नाही तरी डोकं साफ होतं. तिकडे १९७२ पासून अँटी-किकबॅक कायदा आहे, मेडिकेअर-मेडिकेडसारख्या सरकारी योजनेतला पेशंट पाठवण्यासाठी काहीही देणं-घेणं हा फौजदारी गुन्हा, २०१८ ला शिक्षा वाढवून दहा वर्षांपर्यंत कैद आणि दर गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड केला. दुसरा स्टार्क कायदा, १९८९ चा, पीट स्टार्क नावाच्या खासदाराच्या नावाने ओळखला जातो, त्यात तर हेतू सुद्धा बघत नाहीत. ज्या लॅबशी डॉक्टरचा किंवा त्याच्या घरच्यांचा पैशाचा संबंध आहे तिथे मेडिकेअरचा पेशंट पाठवायचाच नाही, ठरवून दिलेले अपवाद सोडून. आणि भाड्याचा अपवाद असा आहे: करार लेखी, किमान एक वर्षाचा, भाडं आधी ठरलेलं, बाजारभावाचं, आणि किती पेशंट येतात याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तुझी ४० टक्क्यांची ऑफर यात पहिल्याच पायरीला पडते. तिसरा त्यांचा फॉल्स क्लेम्स कायदा, लिंकनच्या काळातला, १८६३ चा, युद्धात सैन्याला खराब माल विकणाऱ्यांसाठी केला होता, आज तो हॉस्पिटलांना लागतो. सरकारकडे खोटं बिल लावलं तर नुकसानीच्या तिप्पट वसुली, आणि आतल्या ज्या माणसाने कळवलं त्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा. माझ्यासारखी पाकिटं भरणारी बाई तिकडे असती तर तिला बोलायला वाट होती, हे मला वाचताना फार लागलं.

तिकडची एक केस तर लॅबचीच आहे. व्हर्जिनियातली हेल्थ डायग्नॉस्टिक लॅबोरेटरी, रक्तातल्या हृदयविकाराच्या टेस्ट करायची. ती डॉक्टरांना प्रत्येक सॅम्पलमागे पैसे द्यायची, आणि नाव काय तर सॅम्पल तयार करून पाठवण्याची ‘हाताळणी फी’. कागद होते, नाव होतं, सगळं चेकने होतं. २०१५ ला ४ कोटी ७० लाख डॉलर भरायचं कबूल करून समझोता केला आणि त्याच वर्षी दिवाळ्यात गेली. तुझ्या दिरांना ही गोष्ट सांग, ‘कन्सल्टन्सी’ म्हणायच्या आधी.

दिरांचा सल्ला तर त्यांच्याच विषयात कच्चा आहे, राग नको मानायला सांग. आयकर कायद्यात कायद्याने मनाई असलेल्या गोष्टीवरचा खर्च वजा मिळत नाही. आयकराचं काम बघणाऱ्या केंद्राच्या सीबीडीटी मंडळाने २०१२ मध्येच परिपत्रक काढून औषध कंपन्यांना हे बजावलं होतं, पंजाब-हरियाणा हायकोर्टाने एका डायग्नॉस्टिक सेंटरने डॉक्टरांना दिलेलं कमिशन खर्च म्हणून नाकारलंय, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका औषध कंपनीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की डॉक्टरला घ्यायला मनाई असेल तर देणाऱ्यालाही त्या खर्चाची सवलत नाही. १ जुलै २०२२ पासून तर, ठराविक मर्यादेच्या खालच्या छोट्या उलाढालीचे व्यावसायिक सोडून, बाकीच्यांनी धंद्याच्या निमित्ताने कोणाला वर्षात २० हजाराच्या वर काही लाभ दिला तर दहा टक्के टीडीएस कापायचा. म्हणजे ‘मार्केटिंग’ म्हणून वहीत टाकलंस की कोणाला किती दिले याची यादी, तुझी उलाढाल त्या मर्यादेच्या वर असेल तर, तू स्वतः टीडीएसच्या रूपात सरकारला देणार, सवलतही मिळणार नाही, आणि कन्सल्टन्सी म्हणालीस तर विचारतील कन्सल्टन्सीचा रिपोर्ट दाखवा, कोणत्या विषयावर सल्ला घेतला? वहीत न टाकता रोख दिलंस तर तेवढी रोकड आणायला बिलं लपवावी लागणार. दोन्हीकडे विहीर आहे गं.

मग करायचं काय, हप्ता तर दर महिन्याला येणारच. माझ्याकडे जादू नाही, पण मी नाशकात कट न देता चाललेल्या लॅब बघितल्यात, त्यांचं जमायला वेळ लागतो पण जमतं, त्यांच्याकडे बघून काही सुचतं ते सांगते.

डॉक्टरला कट म्हणून जे गेलं असतं त्यातला मोठा भाग सरळ रेटमधून कमी कर आणि रेटबोर्ड दारात लाव, मोठ्या अक्षरात. डॉक्टरांना भेटायला जा, फोन नको, समोर बस आणि सांग की सर, तुमच्या नावाने द्यायचे ते मी तुमच्या पेशंटच्या बिलात कमी केलेत, बिलावर दिसतील, आणि एखादा पेशंट फारच गरीब असेल तर चिठ्ठीवर लिहा, मी अजून कमी करीन, ते पण बिलावर. दहातले सात हसतील. तीन जण तुझ्याकडे पाठवायला लागतील आणि ते तीन टिकतात. त्या तिघांना पैशापेक्षा दुसरं काय हवं असतं तर रात्री साडेनऊला पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याचं, आलं तर तू स्वतः फोन करणं, रक्ताचा स्मिअर (काचेवरचा थर) बघून ‘सर हे मला साधं वाटत नाही’ म्हणणं. मोठ्या चेनचा पिकअप बॉय हे करत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना कामगारांची वर्षाची तपासणी करावी लागते, तिथे बिल कंपनीला जातं आणि मध्ये डॉक्टरचं पाकीट नसतं, फक्त तिथे एचआरवाला मागायला लागला तर उठून यायचं. इंदिरानगर, राणेनगर, पाथर्डी फाट्याला ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, घरून सॅम्पल न्यायची सोय ठेव, डायबेटिसची माणसं दर तीन महिन्यांनी येतातच. आणि बँकेत जा, हप्ता थकायच्या आधी जा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागायला लाज नको, थकल्यावर गेलीस तर बोलण्याची भाषा बदलते. एक सांगून ठेवते, अडचणीतल्या पॅथॉलॉजिस्टकडे कोणीतरी हमखास येतं की मॅडम नुसती सही द्या, महिन्याला एवढे देतो. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये लॅबचा रिपोर्ट पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टनेच सही करायचा हे कायम केल्यापासून सहीला भाव आलाय. न बघितलेल्या सॅम्पलवर सही म्हणजे परत डेंग्यूच्याच मेसेजवर आलो आपण.

हॉस्पिटलची जागा तुला हवीच असेल तर उलट ऑफर दे. ठरलेलं मासिक भाडं, त्याच बिल्डिंगमधल्या मेडिकलवाल्याला किंवा चष्म्याच्या दुकानाला जो भाव आहे त्या भावाने, सॅम्पल शून्य आले तरी तेवढंच आणि दोनशे आले तरी तेवढंच. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर करून, ते तर आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचंच आहे. पेशंटला बिल तुझ्या नावाने, तुझ्या रेटने. आणि एक प्रश्न विचारायला विसरू नकोस, हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मानमध्ये आहे का. असेल तर त्या पेशंटच्या तपासण्या पॅकेजमध्ये धरलेल्या असतात, त्याच्याकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात, आणि तुझ्या लेटरहेडवर त्याच्याकडून रोख घेतले गेले तर तक्रार तुझ्या नावाने होईल. हॉस्पिटलकडून लेखी घे की योजनेच्या पेशंटच्या टेस्टचे पैसे तुला हॉस्पिटल देणार, पेशंट नाही. अशा पेशंटला पैसे मागितले गेलेले दिसले तर त्याला हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाकडे, आरोग्यमित्राकडे, पाठव, नाहीतर १५५३८८ हा नंबर दे.

मला वाटतं ते या उलट ऑफरला नाही म्हणतील. म्हणू देत. जे हॉस्पिटल अॅग्रीमेंट व्हायच्या आधीच काउंट खाली दाखवायला सांगतं ते अॅग्रीमेंट झाल्यावर काय काय सांगेल, आणि तेव्हा तुझी खोली, तुझं फ्रिज, तुझा टेक्निशियन त्यांच्या छताखाली असेल.

मेसेज असा टाक, याच्यात एकही जास्तीचा शब्द नको, रागाचा नको आणि सॉरीचा तर मुळीच नको: ‘तुमचा मेसेज मिळाला. आमच्या लॅबमधून मशीनवर आलेला आणि मी तपासलेला आकडाच रिपोर्टमध्ये जातो. त्यात कोणाच्याही सांगण्यावरून बदल होणार नाही. कृपया अशी विनंती पुन्हा करू नये.’ त्या मुलाला पाठव आणि तोच मेसेज हॉस्पिटलच्या मालकांनाही पाठव, म्हणजे उद्या ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही. भाड्याचा कागद आला तर सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखव, आणि मलाही पाठव, मी आकडे बघून देईन.